लेबलिंग सिद्धांत
एखादे वर्तन गुन्हेगारी किंवा विचलित, म्हणजे समाजाच्या नियमांपासून ढळलेले, का ठरते, याचे उत्तर त्या कृतीत न शोधता तिच्यावर उमटणाऱ्या सामाजिक प्रतिक्रियेत शोधणाऱ्या समाजशास्त्रीय विचाराला लेबलिंग सिद्धांत म्हणतात. त्याची बीजे फ्रँक टॅननबाम यांच्या १९३८ मधील लेखनात आढळतात. एडविन लेमर्ट यांनी १९५१ मध्ये प्राथमिक व द्वितीयक विचलन असा भेद केला. पहिली चूक, म्हणजे प्राथमिक विचलन, अनेकांच्या हातून घडते आणि विसरलीही जाते. पण तिच्यावरून माणसाला ‘चोर’ ठरवले, की काम, शेजार आणि विश्वास तुटत जातात व अखेर त्याच ओळखीवर जगणे त्याच्या वाट्याला येते; हे द्वितीयक विचलन. नियम कोण करतो आणि तो कोणाला लावला जातो, हा प्रश्न हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये केंद्रस्थानी आणला.

हा सिद्धांत अमेरिकेत मांडला गेला, तरी भारतातील १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हे त्याचे अधिक कठोर उदाहरण आहे, कारण येथे शिक्का कृतीच्या मागून नव्हे, तर जन्माबरोबरच येत असे. नोंद झालेल्या जमातींच्या लोकांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि परवान्याशिवाय ठरलेली हद्द ओलांडता येत नसे. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही आली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीत पारधी, कैकाडी, भामटा आदी समाजांची कुटुंबे ठेवली गेली. त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. फिरता व्यापार किंवा कारागिरी करणाऱ्याला फिरण्याचीच बंदी झाली, तर त्याचा धंदा बुडणारच. आणि धंदा बुडालेल्या माणसावरचा संशय वाढतच जातो. संशयाने ज्या स्थितीची भीती घातली, ती स्थिती कायद्यानेच अशी घडवली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. मात्र सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे राज्याराज्यांत आले आणि जुनी नजर त्यांच्या आडून टिकून राहिली. काही तुरुंग नियमावल्यांत या जमातींविषयी उरलेल्या भेदभावाच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या.

पहिले विचलन मुळात का घडते, हे हा सिद्धांत सांगत नाही, असा त्याच्यावरील मुख्य आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. शिवाय शिक्का बसलेला प्रत्येक जण तो स्वीकारतोच असे नाही: विमुक्तांमधील अनेकांनी शिक्षण, लेखन व चळवळ यांच्या बळावर तो उघडपणे नाकारला.