गीझर फ्लश करायचा की त्यातले क्षार काढायचे?

गरम पाण्याची धार बारीक झाली की मुंबईत दोन सल्ले हमखास मिळतात. प्लंबर म्हणतो, ‘फ्लश मारून देतो.’ मेकॅनिक म्हणतो, ‘कॉइल चोक झालीय, डीस्केल करावं लागेल.’ बिलावर मात्र दोन्हींसाठी ‘सर्व्हिसिंग’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे एकाच कामाचे हे दोन दर असावेत असं वाटतं. तसं नाहीये. एक काम गाळासाठी आहे आणि दुसरं क्षारांसाठी. गाळ असताना क्षारांचा उपाय केला, तर पैसे जातात आणि शॉवर ठिबकतच राहतो.

मी बोलतोय ते मोठी टाकी नसलेल्या गीझरबद्दल: ज्यात पाणी तांब्याच्या कॉइलमधून जाता जाता तापतं तो गॅस गीझर, आणि एक ते तीन लिटरचा विजेचा इन्स्टंट गीझर. पंधरा-पंचवीस लिटरच्या टाकीवाल्या गीझरचं गणित वेगळं. त्यात बहुधा मॅग्नेशियमचा दांडा असतो आणि तो आम्लात झिजतो, म्हणून त्यात घरच्या घरी व्हिनेगर ओतू नये.

फ्लश म्हणजे साध्या पाण्याच्या जोराने सुटा गाळ बाहेर काढणं. आपल्याकडे या गाळाला तोटा नाही. पालिकेचं पाणी ठरावीक वेळ येतं, मधल्या काळात लाइन रिकामी राहते आणि पुन्हा पाणी सुटलं की आतला गंज, माती घेऊनच येतं. ते तळटाकीत, तिथून गच्चीवरच्या टाकीत, आणि मग जुन्या इमारतीच्या गंजलेल्या लोखंडी पाइपांतून तुमच्या बाथरूममध्ये. वाटेतला कचरा गीझरच्या तोंडाशी असलेल्या छोट्या जाळीत अडकतो. सोसायटीची टाकी धुतली किंवा रस्त्यावर पाइपलाइनचं काम झालं, की दुसऱ्या दिवशी गीझर रुसतो तो यामुळे.

क्षारांचं तसं नाही. ते पाण्यात विरघळलेले असतात, जाळीला सापडत नाहीत. पाणी तापलं की त्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि ते जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथेच, म्हणजे कॉइलच्या आतल्या अंगाला किंवा विजेच्या एलिमेंटवर, दगडासारखं बसतं. तापमान साठ अंशांच्या वर गेलं की हा थर आणखी भराभर चढतो. नळ कितीही वेळ सोडून ठेवा, तो निघत नाही. त्याला आम्लच लागतं, आणि आम्लाने तो विरघळवून काढणं म्हणजे डीस्केलिंग.

मग आपल्या घरी यातलं काय असेल? माझं मत स्पष्ट आहे: गीझर उघडण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा पंप चालवणाऱ्याला गाठा आणि पाणी कुठून येतं ते विचारा. मुंबईला पालिकेचं पाणी सात तलावांतून येतं: तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, भातसा आणि वैतरणेवरचे आणखी दोन. हे मुख्यतः पावसाचं साठवलेलं पाणी, त्यामुळे बोअरच्या मानाने बरंच हलकं. फक्त याच पाण्यावर चालणाऱ्या घरात कॉइल क्षारांनी भरायला वर्षं लागतात. अशा घरात दरवर्षी डीस्केलिंग विकणाऱ्याला मी तरी हात जोडून परत पाठवेन.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी टाकीत मिसळत असेल तर गोष्ट बदलते. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे ‘पिण्यायोग्य’ असलेलं पाणीसुद्धा गीझरची कॉइल भरू शकतं. साबणाला फेस येत नसेल, स्टीलच्या नळांवर पांढरे डाग पडत असतील, कुकर आतून पांढरा होत असेल, तर पाणी जड आहे. फिल्टर विकायला येणारा माणूस टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून मोजणारा) बुडवून आकडा दाखवतो, त्यावर जाऊ नका. त्या आकड्यात साधं मीठही धरलेलं असतं आणि मिठाचा थर कॉइलवर बसत नाही. जडपणा मोजायच्या पट्ट्या वेगळ्या मिळतात.

लक्षणंही बोलतात. धार एक-दोन दिवसांत अचानक बारीक झाली, तर गाळ. महिनोन्‌महिने हळूहळू कमी होत गेली, गीझर चालू असताना आतून खदखद ऐकू येते, किंवा विजेचा गीझर तापता तापता स्वतःच बंद पडतो, तर क्षारांचा संशय घ्या. सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर एक गोष्ट जास्त लक्षात ठेवा. गच्चीची टाकी डोक्यावर जेमतेम तीन-चार मीटर असते, म्हणजे पाण्याचा दाब मुळातच कमी. जाळी थोडी जरी तुंबली तरी गॅस गीझर पेटत नाही, कारण तो पेटायलाच पाण्याचा किमान जोर लागतो. तळमजल्यावर तेवढ्याच कचऱ्याने काही बिघडत नाही. वरच्या मजल्यांवर ‘कॉइल गेली’ म्हणून काढलेल्या गीझरांपैकी काहींची नुसती जाळी धुवायची असते.

खात्री हवी असेल तर जाळी काढून बघा. तपकिरी, बोटाने चुरडणारी घाण असेल तर गाळ. नळाच्या किंवा शॉवरच्या तोंडाशी पांढरी खपली असेल तर तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले, तर तो कॅल्शियम कार्बोनेट, आणि तोच आतही असणार.

फ्लश करणं अर्ध्या तासाचं काम आहे. विजेच्या गीझरचा एमसीबी पाडा. गॅस गीझरचा गॅसचा कॉक बंद करा आणि दोन्ही सेल काढून ठेवा, म्हणजे पाणी सोडल्यावर तो पेटणार नाही. थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करून कनेक्शन पाइप गीझरपासून सोडवा, जाळी जुन्या टूथब्रशने घासा. पाइप लगेच परत जोडू नका. तो बादलीत धरून कॉक क्षणभर पूर्ण उघडा, नाहीतर लाइनमधला कचरा थेट आत जाईल. मग जोडणी करून, गरम पाण्याच्या बाजूचा पाइप बादलीत सोडून चार-पाच मिनिटं पूर्ण जोरात पाणी जाऊ द्या. गॅसच्या नळीच्या जोडणीला हात लावायचा नाही, इथे नाही आणि पुढेही नाही.

डीस्केलिंगला याच्या पुढचा खटाटोप लागतो. वीज-गॅस बंद आणि सेल बाहेर हे तसंच. दोन्ही पाइप सोडवून कूलरमधला छोटा पंप बादलीत बुडवून त्याची नळी थंडच्या तोंडाला जोडा, गरमच्या तोंडाची नळी परत बादलीत. बादलीत तीन-चार लिटर पांढरं व्हिनेगर, किंवा लिटरला पन्नास ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घातलेलं कोमट पाणी. हे पंप जेमतेम पाच-सहा फूट पाणी चढवतात, म्हणून बादली स्टुलावर ठेवा. पंपाचा प्लग बाथरूमच्या बाहेरच्या सॉकेटमध्येच लावा, आणि घरात ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर हे काम घरी करूच नका. पाऊण ते एक तास फिरवा. सुरुवातीला बुडबुडे येतात, ते थांबले की क्षार बहुधा संपले. पाणी गडद निळं-हिरवं दिसू लागलं तर लगेच थांबा, कारण आता तांबं विरघळतंय. नंतर वर सांगितलेला फ्लश पुन्हा करायचाच, तोही शॉवरचं तोंड काढून. सुटलेल्या खपल्या तिथेच अडकतात, आणि मग डीस्केल करूनही धार बारीकच म्हणून माणूस हैराण होतो.

संडास धुवायचं अ‍ॅसिड मात्र कुणी कितीही सुचवलं तरी नको. ते हायड्रोक्लोरिक असतं, तांब्या-पितळेला आणि रबरी पडद्याला खातं. व्हिनेगर असो की अ‍ॅसिड, ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या बाथरूमची खिडकी केवढी असते ते आपल्याला ठाऊक आहे. गॅसची ज्योत पिवळी दिसत असेल किंवा गीझरवर काजळी धरत असेल, तर हा ना गाळाचा प्रश्न ना क्षारांचा. बर्नरला हवा पुरत नाही. गीझर बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा.

टँकरच्या पाण्यावर असाल तर वर्षातून एकदा डीस्केल पुरे, तेही तापमान थोडं कमी ठेवलंत तर लांबतं. जाळी मात्र पाणी कुठलंही असो, पावसाळ्यानंतर एकदा बघाच. वॉरंटी चालू असेल तर जाळीच्या पलीकडे काही उघडण्याआधी कार्ड वाचा. आणि वापरलेलं व्हिनेगर थेट मोरीच्या जाळीत ओता. बाथरूमच्या दाराशी संगमरवरी उंबरा असेल तर त्यावर सांडू देऊ नका, कारण संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच आहे.