दृष्टिहीनांसाठीचे स्क्रीन रीडर : किंमत आणि मोल

स्क्रीन रीडर म्हणजे संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील मजकूर, बटने व सूचना कृत्रिम आवाजात वाचून दाखवणारे किंवा ब्रेल पट्टीवर, म्हणजे टिंबे वरखाली होऊन ब्रेल अक्षरे बनवणाऱ्या उपकरणावर, उमटवणारे सॉफ्टवेअर. दृष्टिहीन व्यक्ती ते कीबोर्डवरच्या कळांनी किंवा बोटांच्या खुणांनी चालवते. त्याच्या किमतीचा प्रश्न त्याच्या जन्मापासूनचा आहे.

पहिला स्क्रीन रीडर कोणता, यावर एकमत नाही. हा मान बहुधा आयबीएमच्या संशोधन विभागातील जिम थॅचर यांना दिला जातो. त्यांचे मार्गदर्शक आणि सहकारी जेसी राइट दृष्टिहीन होते. थॅचर यांच्या पर्सनल कॉम्प्युटरसाठीच्या प्रोग्रॅमचे साल कुठे १९८४, तर कुठे १९८६ दिलेले आढळते. कंपनीतला वापर आधी आणि विक्री नंतर असे धरले, तर दोन्ही तारखांचा मेळ बसू शकतो. मात्र आयबीएममध्येच अल ओव्हरबी यांनी १९७८च्या सुमारास बोलणाऱ्या टर्मिनलचा, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डच्या संचाचा, नमुना तयार केला होता, आणि डीन ब्लेझी यांच्या कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी ‘टोटल टॉक’ हे बोलणारे टर्मिनल विकले. हे दोन्ही टर्मिनलशी जखडलेले होते. कोणत्याही प्रोग्रॅमवर चालणारे स्वतंत्र सॉफ्टवेअर ही कसोटी लावली, तर थॅचर यांचा दावा अधिक बळकट ठरतो. चित्रमय पडद्यासाठीचे पहिले सॉफ्टवेअर म्हणून मॅकिंटॉशवरील ‘आउटस्पोकन’चा (१९८९) उल्लेख होतो.

किमतीचे मूळ या चित्रमय पडद्यातच आहे. विंडोजआधीच्या, केवळ अक्षरांवर चालणाऱ्या डॉस या प्रणालीत पडद्यावरचे प्रत्येक अक्षर स्मृतीत अक्षर म्हणूनच साठवलेले असे, ते उचलून आवाजयंत्राकडे पाठवले की काम भागे. विंडोजमध्ये पडदा ठिपक्यांचा झाला. मग स्क्रीन रीडरला चित्र रेखाटण्याच्या आज्ञा वाटेतच पकडून पडद्याची आपली एक वेगळी प्रतिकृती स्मृतीत उभी करावी लागे. नवी आवृत्ती किंवा नवे डिस्प्ले कार्ड आले की ही प्रतिकृती कोलमडे आणि काम पुन्हा करावे लागे. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमनेच आपल्या घटकांची माहिती पुरवण्याची सोय आणली, २००६ मध्ये तिला आयॲक्सेसिबल-२ या पूरक मानकाची जोड मिळाली. तरीही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बटनाला नाव दिले नसेल, तर ऐकणाऱ्याला फक्त ‘बटन’ एवढेच ऐकू येते. ते जतन करते की सगळे पुसून टाकते, हे कळायला मार्ग उरत नाही. पैसा मुख्यतः या न संपणाऱ्या दुरुस्तीवर खर्च होतो आणि तो थोड्या ग्राहकांत वाटला जातो. चढ्या किमतीला निव्वळ नफेखोरी म्हणणारे हा भाग विसरतात.

टेड हेंटर या दृष्टिहीन प्रोग्रॅमरने भागीदारासह काढलेल्या कंपनीचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर डॉससाठी १९८९ मध्ये आणि विंडोजसाठी १९९५ मध्ये आला. त्याच्या कायमस्वरूपी परवान्याची अमेरिकेतील किंमत दीर्घकाळ साध्या आवृत्तीसाठी ८९५ आणि व्यावसायिक आवृत्तीसाठी १,०९५ डॉलर होती, पुढच्या आवृत्त्यांचे पैसे वेगळे. म्हणजे डोळसाला जो संगणक विकत घेतला की वापरता येतो, तोच वापरण्यासाठी दृष्टिहीनाला बरेचदा संगणकाहून अधिक रक्कम मोजावी लागे. हा अन्याय लहान नव्हे. परवान्याविना जॉज सलग ४० मिनिटे चालतो, नंतर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. अनेकांचे शिक्षण याच तुकड्यातुकड्यांत झाले आहे. अलीकडे तेथे घरगुती वापरासाठी वार्षिक परवाना निघाला, त्यामुळे एकदम भरायची रक्कम बरीच उतरली.

एनव्हीडीए या विंडोजवरील मोफत स्क्रीन रीडरने हे गणित बदलले. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. जेम्स टेह यांच्यासह उभारलेली एनव्ही ॲक्सेस ही संस्था ते आजही सांभाळते. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली मोफत मिळते, पण खर्च नाहीसा झालेला नाही. देणग्या, अनुदाने आणि फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलासारख्यांचे पाठबळ यांतून तो भागतो. ॲपलने २००५ मध्ये ‘व्हॉइसओव्हर’ मॅकमध्ये आणि २००९ मध्ये आयफोनमध्ये अंतर्भूत केले. अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ आहे. येथे खर्च उपकरणाच्या किमतीत मुरतो आणि सर्व ग्राहकांत विभागला जातो. प्रस्तुत नोंदकाराला हीच रीत सर्वांत न्याय्य वाटते.

मोफत पर्याय आल्यावर विकतचे संपेल, हे भाकीत मात्र खरे ठरले नाही. वेबवरील सुलभतेवर काम करणाऱ्या वेबएम या संस्थेच्या सर्वेक्षणांत मुख्य स्क्रीन रीडर म्हणून २०१९ मध्ये एनव्हीडीए ४०.६ टक्के आणि जॉज ४०.१ टक्के होता. २०२१ मध्ये जॉज ५३.७ टक्क्यांवर गेला, २०२४ मध्ये जॉज ४०.५ विरुद्ध एनव्हीडीए ३७.७ अशी स्थिती होती. उत्तरे स्वेच्छेने दिलेली असल्याने या आकड्यांवर फार भार टाकू नये. विकतचे टिकण्याचे कारण कचेरीत सापडते. बँकेचे किंवा कॉल सेंटरचे खास सॉफ्टवेअर बोलते करण्यासाठी जॉजला छोटे प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहून जोडता येतात आणि अडल्यास विचारायला कंपनी असते. एनव्हीडीएलाही जोडण्या लिहिता येतात, पण मोठ्या कचेऱ्या करार असलेला विक्रेता पसंत करतात. अशा एका स्क्रिप्टवर नोकरी टिकत असेल, तर हजार डॉलर महाग म्हणता येत नाहीत. नोकरीच नसलेल्याला मात्र तेच अशक्य असतात.

विकत घेतलेलेही कायमचे असतेच असे नाही. ‘विंडो-आइज’ हा जॉजचा जुना प्रतिस्पर्धी. २०१४ मध्ये तो मायक्रोसॉफ्ट ऑफिसधारकांना मोफत झाला, पुढे कंपन्यांच्या विलीनीकरणात जॉजच्या मालकांकडे गेला आणि २०१७ मध्ये बंद पडला. वापरणाऱ्यांच्या हातातल्या वर्षानुवर्षांच्या सवयी त्याबरोबर निकालात निघाल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क कराराचे चौथे कलम सहायक तंत्रज्ञानात परवडणाऱ्या किमतीच्या साधनांना अग्रक्रम देण्यास सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या ५० अग्रक्रमाच्या साधनांच्या यादीत स्क्रीन रीडरचा समावेश आहे. छापील मजकूर वाचणारी ‘सीइंग एआय’ (२०१७) सारखी ॲप मोफत आहेत. ब्रेल पट्टी मात्र अजून महाग आहे, कारण तिच्या प्रत्येक अक्षरघराला टिंबे वरखाली करणारी स्वतंत्र यंत्रणा लागते.