सबवूफर घेताना : इंचांच्या आधी डबा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, बघायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, "किती इंची?" दुसरा, "किती वॉट?" डब्याची चौकशी क्वचितच होते. वास्तविक खर्जाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे बराचसा डब्याचाच इतिहास.

१९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये आजच्या धाटणीचा स्पीकर मांडला. स्पीकरचा कोन (पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा) पुढची हवा दाबतो तेव्हा मागची विरळ करतो. उघड्यावर या दोन लाटा एकमेकींना खातात आणि खर्ज उडतो, म्हणून डबा. मागची लाट फुकट का घालवा, असा विचार करून बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांनी डब्याला भोक पाडलं. पेटंट १९३२ चं. तरी खोल खर्जासाठी कपाटाएवढी पेटी लागायचीच. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांच्या एआर-१ या स्पीकरने ते गणित बदललं. डबा बंद, कोनची कड मुद्दाम सैल, आणि कोनला जागेवर परत आणणाऱ्या स्प्रिंगचं काम आतल्या हवेकडे. पेटी फळीवर मावू लागली, पण ॲम्प्लिफायर दांडगा लागू लागला. लहान डबा, खोल खर्ज आणि कमी वॉट हे तिन्ही एकत्र आजही मिळत नाहीत. दुकानदार काहीही सांगो.

कुठल्या स्पीकरला किती लिटरचा डबा, हे बराच काळ अंदाजपंचेच चालायचं. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये भोकाच्या डब्याचं गणित लिहिलं. ते १९७१ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापलं गेलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं.

घराघरांत सबवूफर आणला तो मात्र सिनेमाने. १९७४ च्या 'अर्थक्वेक'साठी थिएटरांत सेन्सराउंड या खर्जाने हादरवणाऱ्या यंत्रणेचे अवाढव्य स्पीकर बसवले गेले आणि शेजारच्या पडद्यासमोरचे प्रेक्षक वैतागले. (मुंबईकराला यात नवल वाटू नये.) १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल ही सिनेमाच्या आवाजाची पद्धत आली. तिच्या ५.१ मधले पाच नेहमीचे चॅनेल, आणि तो '.१' म्हणजे सुमारे १२० हर्ट्झपर्यंतचा, खर्जासाठी राखून ठेवलेला चॅनेल. डीव्हीडीबरोबर तो आपल्या हॉलमध्ये शिरला.

आता तो हॉल बघा. खोली पंधरा फूट लांब असेल तर साधारण ३७ हर्ट्झला ती स्वतःच घुमते: भिंतीला टेकून बसलात तर धडधड, मधोमध बसलात तर तोच सूर गायब. त्याच्याही खाली लहान खोली खर्जाला आपणहून उचल देते. भोकाच्या डब्याचा आवाज एका मर्यादेनंतर दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो, बंद डब्याचा १२ ने, आणि ही हळू उतरण खोलीची उचल बरीचशी सावरून घेते. म्हणून वन बीएचकेत दहा इंची बंद डबा बारा इंची भोकवाल्यापेक्षा बहुधा सरस ठरतो, असं माझं मत. जागा ठरवायची जुनी युक्तीही करून पाहावी: सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, एकच गाणं लावायचं आणि भिंतीकडेने रांगत फिरायचं. खर्ज जिथे सारखा ऐकू येईल, ती त्याची जागा. घरचे हसतील.

शेजाऱ्यांचा प्रश्न उरतोच. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती 'ए' मापाने, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी धरणाऱ्या मापाने. हे माप ६३ हर्ट्झला जवळजवळ २६ डेसिबल वजा करतं. त्यामुळे आकडा मर्यादेत दिसतो आणि खालच्या मजल्यावरची भांडी वाजत असतात. स्लॅबमधून जाणारी थरथर थोपवायला सबवूफरखाली जाड रबर लागतं. हवेतून जाणाऱ्या खर्जावर रात्री दहानंतर आवाज उतरवण्यावाचून इलाज नाही.