कॅनडाचा उन्हाळा गाठायचाय? व्हिसा आणि पार्कचं आरक्षण, दोन्ही वेळेत करा

बॅन्फचे डोंगर, मोरेन लेकचं निळं पाणी, चर्चिलची पांढरी अस्वलं, यलोनाइफचा अरोरा म्हणजे रात्रीच्या आकाशातला रंगीत प्रकाश. यातलं काहीही पाहायचं तर भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिजिटर व्हिसा लागतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिथल्या कित्येक जागांसाठी ‘पार्क्स कॅनडा’चं, म्हणजे तिथली राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या खात्याचं, वेगळं आरक्षण लागतं, आणि ते अनेकदा तुमचा व्हिसा हातात येण्याआधीच सुरू होऊन संपतंसुद्धा. व्हिसा एका खात्याचा, पार्क दुसऱ्याचं. एकाचं काम झालं म्हणून दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही. जुलै-ऑगस्टचा बेत असेल तर मुलांच्या परीक्षा संपल्यावर बघू म्हणणाऱ्यांना उशीर झालेला असतो. दिवाळीचा फराळ संपला की कामाला लागावं.

आधी व्हिसा

काही देशांच्या नागरिकांना विमानाने जाताना फक्त ईटीए, म्हणजे ऑनलाइन मिळणारा प्रवास परवाना पुरतो. त्या यादीत भारत नाही, त्यामुळे ‘ईटीए काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे पाठ फिरवा. अर्ज ऑनलाइनच, कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या म्हणजे आयआरसीसीच्या संकेतस्थळावर खातं उघडून करायचा. फी माणशी 100 कॅनेडियन डॉलर, शिवाय बायोमेट्रिक्सचे 85. कुटुंबाने एकत्र अर्ज केला तर बायोमेट्रिक्सचे जास्तीत जास्त 170. व्हिसा नाकारला गेला तरी भरलेली फी परत मिळत नाही.

बायोमेट्रिक्स म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो, 14 ते 79 या वयोगटासाठी. फी भरल्यावर खात्यात सूचनापत्र येतं, ते घेऊन 30 दिवसांच्या आत व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचं काम पाहणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जायचं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात केंद्रं आहेत. लग्नसराईत अपॉइंटमेंट घेत असाल तर मेंदीकडे लक्ष ठेवा, बोटांच्या टोकांवर रंग असला की ठसे नीट उमटत नाहीत. एकदा दिलेले ठसे 10 वर्षं चालतात. अर्ज मंजूर झाला की पासपोर्ट मागवला जातो आणि त्यावर स्टिकर लावून परत येतो.

पासपोर्टची मुदत आधीच तपासा. तिच्यापलीकडे व्हिसा मिळत नाही, म्हणून वर्षभरच उरलं असेल तर नूतनीकरण करूनच अर्ज करणं शहाणपणाचं. पूर्वी बहुतेकांना 10 वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा सहज मिळे. नोव्हेंबर 2024 पासून तो किती काळाचा आणि किती वेळा प्रवेशाचा द्यायचा, हे अधिकारी प्रत्येक अर्ज पाहून ठरवतात. शेजाऱ्यांना मिळाला म्हणून आपल्याला मिळेलच, असं धरून चालू नका.

कागदपत्रं: अधिकाऱ्याला नेमकं काय पाहायचं असतं

त्याच्यापुढे प्रश्न एकच असतो: हा माणूस मुदत संपल्यावर परत जाईल का? नकाराच्या पत्रांत सर्वांत जास्त भेटणारं कारणही हेच. म्हणून कागदांचा ढीग लावण्यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर देणारे कागद लावा. नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16. व्यवसाय असेल तर नोंदणी आणि जीएसटीचे कागद. आयकर विवरणपत्रं, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, एफडीच्या पावत्या, घराचे कागद. घरातलं कोण मागे राहणार आहे, तेही सांगावं. मूल एकाच पालकासोबत जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र.

सात-बारा जोडणारे पुष्कळ असतात, आणि जोडावाच. पण तो मराठीत असतो. इंग्रजी किंवा फ्रेंच सोडून कुठल्याही भाषेतला कागद भाषांतरासकट द्यावा लागतो, सोबत मूळ कागदाची प्रत आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र. भाषांतर अर्जदाराने किंवा त्याच्या नातेवाइकाने केलेलं चालत नाही, मग तो इंग्रजीचा प्राध्यापक का असेना.

अर्जाच्या आदल्या महिन्यात खात्यात एकदम पाच लाख आले, तर ते डोळ्यांत भरतात. एफडी मोडली असेल तर ती मोडल्याची पावती लावा, भावाने दिले असतील तर तसं लिहा. नावांचंही तेच. पासपोर्टवर सासरचं आडनाव, पदवीवर माहेरचं, बँकेत वडिलांच्या नावासकट: आपल्याकडे यात वावगं काही नाही, पण तिकडच्या माणसाला ही तीन माणसं वाटू शकतात. विवाह नोंदणी दाखला आणि दोन ओळींचा खुलासा पुरतो.

प्रवासाच्या हेतूचं पत्र मात्र मनापासून लिहा. ‘कॅनडाचं निसर्गसौंदर्य पाहण्याची फार इच्छा आहे’ या वाक्याने काही साधत नाही. ‘8 जुलैला कॅलगरीला उतरणार, 9 ते 12 बॅन्फ, 13 ला योहो, 15 ते 17 जॅस्पर, 20 ला व्हँकुव्हरहून परत, हॉटेलांचं रद्द करता येणारं बुकिंग जोडलं आहे, 23 ला कामावर रुजू’ असं लिहिलं की बेत खरा वाटतो. तिकीट काढलेलं असावं, अशी अट नाही. व्हिसा येण्याआधी परतावा नसलेलं तिकीट काढूच नका.

पैसे देऊन कोणाकडून अर्ज भरून घेत असाल तर ती व्यक्ती अधिकृत परवानाधारक सल्लागार किंवा कॅनडाचा वकील हवी, आणि तिचं नाव अर्जात जाहीर करावं लागतं. खोटं स्टेटमेंट किंवा बनावट पत्र सापडलं तर पाच वर्षं प्रवेशबंदी होते. ती एजंटावर नाही, तुमच्यावर.

मुलगा किंवा मुलगी तिकडे असेल तर

मूल कॅनडाचं नागरिक किंवा कायमचं रहिवासी असेल, तर आईवडिलांना सुपर व्हिसा मागता येतो. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, साध्या व्हिसावर साधारण सहा महिने. त्यासाठी किमान 1,00,000 कॅनेडियन डॉलरचा, एक वर्षाचा वैद्यकीय विमा, वैद्यकीय तपासणी, आणि मुलाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याचा पुरावा हवा. मूल शिकायला किंवा वर्क परमिटवर गेलं असेल तर सुपर व्हिसा नाही, साधाच व्हिसा मागावा लागतो. महिनाभर रॉकीजचे डोंगर पाहून परतायचं असेल तर तोच सुटसुटीत.

आता पार्क

कॅनडाच्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांना प्रवेशशुल्क आहे. 17 वर्षांपर्यंतच्या मुलांना ते माफ असतं. आठवडाभर किंवा जास्त फिरणार असाल तर वर्षभर चालणारा डिस्कव्हरी पास परवडतो. कुटुंबाचा पास एका गाडीतल्या सात जणांपर्यंत चालतो. पण पास म्हणजे आरक्षण नव्हे, आणि फसगत होते ती इथेच.

बॅन्फमधल्या मोरेन लेकच्या रस्त्यावर 2023 पासून खासगी गाड्यांना बंदी आहे. त्याऐवजी शटल बस जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत धावते आणि तिचं आरक्षण एप्रिलमध्ये उघडतं. तेव्हा 40 टक्के जागा विकल्या जातात, उरलेल्या 60 टक्के प्रवासाच्या दोन दिवस आधी, तिथल्या सकाळी आठला. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. दुसरा हप्ता सुटतो तेव्हा तुम्ही बॅन्फमध्ये असाल, म्हणून गजर तिथल्या वेळेनुसारच लावा. खातं आधीच उघडून लॉगिन करून बसा, नाहीतर पासवर्ड आठवेपर्यंत रांग पुढे सरकते.

योहो राष्ट्रीय उद्यानातल्या लेक ओ’हाराचं प्रकरण याहून अवघड. तिथल्या 11 किलोमीटरच्या रस्त्यावर गाडी नाही, सायकलही नाही. एकतर बस, नाहीतर पायी. बसच्या जागा सोडतीने मिळतात. अर्ज मार्चमध्ये, दहा डॉलर भरून करायचा, आणि नंबर लागला नाही तर ते दहा गेले. व्हिसाची वाट न पाहता अर्ज टाकावा, असं माझं मत आहे. दहा डॉलरच्या जुगारात फार बिघडत नाही.

ट्रेकर मंडळींसाठी व्हँकुव्हर बेटावरची 75 किलोमीटरची वेस्ट कोस्ट ट्रेल 1 मे ते 30 सप्टेंबर एवढीच खुली असते. आरक्षण सक्तीचं, निघण्याआधी माहितीसत्राला बसणंही सक्तीचं, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना बंदी. सह्याद्रीत रात्री-अपरात्री किल्ले चढणाऱ्यांना हे नियम जाचक वाटतील. पण मोरेन लेकच्या वरच्या लार्च व्हॅलीत अस्वलांच्या मोसमात किमान चौघांनी, एकमेकांना चिकटून चालण्याची सक्ती केली जाते. दोघंच असाल तर वाटेच्या तोंडाशी आणखी दोघं गाठावी लागतात. अस्वलापासून 100 मीटर, एल्क या मोठ्या हरणापासून 30 मीटर लांब राहायचं. ड्रोन घरीच ठेवा.

विमानतळावर शिक्का मारताना अधिकारी मुक्काम संपण्याची वेगळी तारीख लिहून देऊ शकतो. लिहिली नसेल तर मुक्काम सहा महिन्यांचा. वाढवायचा असेल तर मुदत संपण्याच्या किमान 30 दिवस आधी ऑनलाइन अर्ज करावा. आणि नायगाराला गेलात तर रेनबो ब्रिजच्या पलीकडे अमेरिका आहे. तिचा व्हिसा नसेल तर धबधबा अलीकडूनच पाहा. तसाही तो अलीकडूनच जास्त चांगला दिसतो.