भाकरी, निखारा आणि स्पार्क प्लगची वायर

मिशिगनमधल्या भाच्याने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. खाली दोनच शब्द: "मामा, तिसरी." फोटोत स्पार्क प्लगची वायर होती, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगपर्यंत वीज नेणारी; करपलेली ही तिसरी. प्लगवर बसणारं तिचं रबरी टोपण एका अंगाने करपून कडक झालेलं, भेगाळलेलं. दुसऱ्या अंगाने मात्र नवंकोरं लाल. पाठोपाठ प्रश्न आला, "अजून जाड स्लीव्ह घालू का?"

स्लीव्ह म्हणजे वायरीवर चढवायचं वेष्टन. नुसती जाड घालून काही होणार नाही. त्या टोपणाचं जे झालंय ते चुलीपुढे बसलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. तव्यावरून उतरवलेली भाकरी निखाऱ्यांसमोर उभी करतात. चुलीतली गरम हवा वर निघून जाते, निखारा भाकरीला शिवतही नाही, तरी ती टम्म फुगते. ही उष्णता प्रारणाने येते, उजेडासारखी, सरळ रेषेत. म्हणून तर टोपण एकाच अंगाने भाजलं.

भाच्याकडे सत्तरच्या दशकातली शेव्हरोले आहे, स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिनाची. 1955 साली आलेल्या या इंजिनात प्लग बाहेरच्या बाजूला, एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर पडण्याच्या, तोंडांना खेटून असतात. हौशी लोक मूळचा, सिलिंडरांचा धूर एकत्र गोळा करणारा बिडाचा मॅनिफोल्ड काढून हेडर बसवतात, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळी पोलादी नळी. धूर मोकळा सुटतो, इंजिन छान गुरगुरतं, पण त्या नळ्या वळणं घेत प्लगांच्या अंगावरूनच जातात. दामटून चालवली की नळी 500-600 अंशांना सहज जाते. वायरीवरचं सिलिकोन रबर साधारण 200 अंशांपर्यंतच दीर्घकाळ टिकतं.

आता माझा लाडका भाग. 1879 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ योझेफ स्टेफान यांनी दाखवलं की प्रारण निरपेक्ष तापमानाच्या (केल्विनमधल्या, म्हणजे सेल्सिअस अधिक 273) चौथ्या घाताने वाढतं. 400 अंश सेल्सिअस म्हणजे 673 केल्विन, 600 म्हणजे 873. या दोन आकड्यांचं गुणोत्तर 1.3, पण चौथा घात घेतला की 2.8. म्हणजे 200 अंशांच्या फरकात उष्णता जवळजवळ तिप्पट! 500 अंशांची काळी पडलेली नळी दर चौरस मीटरला सुमारे 20 किलोवॉट फेकते. भर दुपारचं ऊन 1 किलोवॉट असतं. वायर अशा वीस उन्हांत उभी आहे.

मध्ये पत्रा धरला तर? अगदी काळा पत्रा धरला तरी निम्मी उष्णता अडते, कारण तापलेला पत्रा मिळालेली उष्णता दोन्ही बाजूंना सारखी वाटून टाकतो, आणि त्यातली एकच बाजू वायरीकडे असते. पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घेतला की खरी मजा. जो पृष्ठभाग उष्णता परतवण्यात पटाईत, तो ती सोडण्यात तेवढाच कंजूष असतो. काळ्या पृष्ठभागाच्या जेमतेम 5 टक्के. गणित असं: नळी ते पत्रा 20 पट अडथळा, पत्रा ते वायर आणखी 20 पट, एकूण 40. म्हणजे उष्णता चाळिसाव्या हिश्श्यावर. हे कागदावरचं, दोन मोठ्या सपाट पृष्ठभागांमधलं. प्रत्यक्षात कडांवरून गळती होते, धूळ-तेलाने चकाकी जाते. तरी दोन-तीन घरं मागे आलो तरी फायदाच.

अट एकच: पत्रा नळीला किंवा वायरीला चिकटता कामा नये. चिकटला की प्रारण बाजूला राहतं आणि धातू उष्णता सरळ वाहून नेतो. दोन्हीकडे बोटभर मोकळी जागा हवी.

काचतंतूची जाड स्लीव्ह म्हणजे थर्मास. थर्मासातला बर्फ उशिरा वितळतो, पण वितळतोच. वायरीतून पाणी वाहत नाही, आत शिरलेली उष्णता नेणार कोण? स्लीव्ह थोडा वेळ वाचवते, लांबचा प्रवास नाही. बाहेरून चकचकीत असेल तर काही अर्थ आहे. आणि गाडी बंद केल्यावर पंखा थांबतो, तेव्हा बॉनेटखाली हवा आणखी तापते, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

करपलेलं रबर चढावरच का दगा देतं? व्होल्टेज वाढवणारी कॉईल बॅटरीच्या 12 व्होल्टचे 20-40 हजार करते. मोकळ्या हवेत ठिणगीला मिलिमीटरमागे 3 हजार पुरतात, पण सिलिंडरमधली हवा दाबलेली असते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हा दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. विजेला मग प्लगच्या फटीपेक्षा भेगेतून नळीवर उडी मारणं सोपं. गाडी मिसिंग मारते, म्हणजे ठिणगी चुकल्याने अडखळते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून पाहिलं तर निळ्या ठिणग्या दिसतात.

बाजारात 10 मिलिमीटर जाडीच्या लाल 'रेसिंग' वायरी लावून ताकद वाढल्याचं शपथेवर सांगणारे भेटतील. ठिणगी व्यवस्थित पडत असेल तर वायर कितीही जाड करा, घोडे तेवढेच. लाल रंगाने वेग वाढत असता तर एसटी पहिली आली असती.

रविवारी भाच्याने अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापला, दोन नट-बोल्ट आणि वॉशरांवर उभा केला, आणि पुन्हा फोटो पाठवला. पत्र्यावर त्याच्या तेलकट बोटांचे पाच ठसे स्पष्ट दिसत होते. म्हटलं, आधी ते पूस.