तोतया डबीनेही वजन उतरलं

१४ जानेवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, लठ्ठपणासाठी शरीरात बसवायच्या एका विजेच्या उपकरणाला परवानगी दिली. मिनेसोटातल्या एन्टेरोमेडिक्स कंपनीचं हे उपकरण ‘मेस्ट्रो’, आणि उपचाराचं नाव ‘व्ही-ब्लॉक’. मेंदू आणि जठर यांच्यामधल्या नसेवर काम करून वजन उतरवणारं, मान्यता मिळालेलं हे पहिलंच यंत्र. जठर कापायचं नाही, आतडं वळवायचं नाही. छातीच्या बाजूला कातडीखाली एक डबी, आणि तिच्यापासून जठराच्या वरच्या टोकापर्यंत नेलेल्या दोन तारा. डाएटला कंटाळलेल्या आणि शस्त्रक्रियेला घाबरणाऱ्या माणसाला हे ऐकून मोह पडणारच. पण असं काही बसवून घ्यावं का, हे ठरवायचं तर यंत्रापेक्षा त्याच्या चाचण्यांकडे बघावं. खरी गंमत तिथे आहे.

आधी त्या नसेबद्दल. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यांतली दहावी व्हेगस. गळ्यातून, हृदयाजवळून खाली उतरत ती पोटात पसरते. हिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे बातम्या नेतात: जठर ताणलं गेलंय, आतड्यात अन्न पोचलंय, आता पुरे. उरलेले तंतू वरून हुकूम आणतात: आम्ल सोडा, जठर घुसळा. शिकागोचे सर्जन लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी १९४३ मध्ये अल्सरवर उपाय म्हणून ही नस कापायला सुरुवात केली. आम्ल कमी करणारी चांगली औषधं येईपर्यंत ही शस्त्रक्रिया सर्रास होत असे. अशा काही रुग्णांची भूक मंदावते, वजन घटतं, हे लक्षात आल्यावर सत्तरच्या दशकात खास लठ्ठपणासाठीही नस कापून पाहिली गेली. मात्र कापलेली नस ही कायमचीच गोष्ट.

व्ही-ब्लॉकची कल्पना अशी की नस कापण्याऐवजी दिवसातले काही तास तिला गप्प करायचं. सेकंदाला ५००० वेळा उलटसुलट आवर्तन करणारा विजेचा प्रवाह नसेवर सोडला, की तिथून संदेश पुढे सरकत नाहीत. प्रवाह थांबला की वाहतूक पुन्हा सुरू. फिट्ससाठी बसवलं जाणारं यंत्र गळ्यातल्या याच नसेला कमी वारंवारितेची वीज देऊन चेतवतं. त्याला १९९७ पासून मान्यता आहे. इथे हेतू नेमका उलटा. कल्पना हुशारीची आहे यात वाद नाही.

आता चाचण्या. व्ही-ब्लॉकच्या आधी दुसरा एक प्रयोग झाला होता. व्हॅलेरियो चिगाइना या इटालियन सर्जनच्या कल्पनेतून जठराच्या भिंतीलाच विजेचे धक्के देणारं यंत्र आलं. ते अमेरिकेत १९० जणांना बसवलं आणि निम्म्यांचं चालूच केलं नाही. वर्षभरानंतर यंत्र चालू असलेल्यांनी आपल्या जास्तीच्या वजनापैकी ११.८ टक्के घटवलं होतं, आणि बंद यंत्रवाल्यांनी ११.७ टक्के! २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

व्ही-ब्लॉकच्या पहिल्या मोठ्या चाचणीची गतही फार वेगळी नव्हती. २९४ जणांमध्ये उपचाराच्या गटाने जास्तीच्या वजनापैकी १७ टक्के घटवलं, तुलनेच्या गटाने १६. त्या वेळी यंत्राला वीज बाहेरून, अंगावर बांधायच्या पट्ट्यातून मिळे. जे पट्टा जास्त तास बांधत त्यांचं वजन जास्त उतरलं, आणि हे दोन्ही गटांत दिसलं. कंपनीचा खुलासा असा की तुलनेच्या गटातल्या यंत्रांतूनही तपासणीपुरती थोडी वीज जात होती, तिचाच परिणाम झाला असावा. असेलही. मला मात्र साधी शंका येते: रोज नेमाने पट्टा बांधणारा माणूस ताटातही नेम पाळत असणार.

म्हणून तिसऱ्या खेपेला चोख बंदोबस्त केला. २३९ जण घेतले. १६२ जणांना खरं यंत्र आणि ७७ जणांना तोतया. या ७७ जणांचीही शस्त्रक्रिया झाली, डबी बसली, तेही ती नियमित चार्ज करत. फक्त तिची तार नसेपर्यंत गेलेली नव्हती. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांना सारखाच. वर्षअखेर खऱ्या यंत्रवाल्यांनी जास्तीच्या वजनापैकी २४.४ टक्के घटवलं, तोतयावाल्यांनी १५.९. दोन्हींत किमान १० टक्क्यांचा फरक दिसायला हवा, असं आधी ठरलं होतं. दिसला ८.५. म्हणजे स्वतःच आखलेली रेघ यंत्राने ओलांडली नाही. तरी दीड वर्षानंतर तोतयावाल्यांचं वजन बरंच परत चढलं आणि खऱ्यांचं बहुतेक टिकलं, शिवाय गंभीर त्रास कमी होते, या आधारावर परवानगी मिळाली.

‘जास्तीच्या वजनाचे टक्के’ हा हिशेब जरा फसवा असतो. एखाद्याचं वजन ११० किलो आहे आणि असायला हवं ७०. तर जास्तीचं ४०. त्याचे २४ टक्के म्हणजे साडेनऊ-दहा किलो. एकूण वजनाच्या भाषेत त्या चाचणीत खरं यंत्र ९.२ टक्के आणि तोतया ६ टक्के. म्हणजे ११० किलोच्या माणसात दहा किलो विरुद्ध साडेसहा किलो. नसेवरच्या विजेची कमाई साडेतीन किलो. बाकी सगळं सल्ला, भेटी, आशा आणि एवढं ऑपरेशन करून घेतलंय तर आता पथ्य पाळू या निश्चयाचं.

या साडेतीन किलोंसाठी भूल, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, डबीच्या जागी दुखणं, छातीत जळजळ, मळमळ, ढेकरा. गेल्या काही वर्षांत तुलनेचं मापही बदललं. २०२१ च्या चाचणीत आठवड्याला एक सेमाग्लुटाइडचं, म्हणजे भूक कमी करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन घेणाऱ्यांचं एकूण वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं, खोट्या इंजेक्शनवाल्यांचं २.४. औषध बंद केलं की वजन परत येतं ही त्यातली मेख, पण सुई थांबवायला ऑपरेशन लागत नाही. एन्टेरोमेडिक्सने २०१७ मध्ये रीशेप लाइफसायन्सेस असं नाव घेतलं; व्ही-ब्लॉकने बाजारात कधी मूळ धरलं नाही.

आपल्याकडच्या माणसाने आणखी एक गोष्ट बघावी. हे यंत्र बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० ते ४५ असलेल्यांसाठी, किंवा ३५ ते ४० आणि सोबत लठ्ठपणाशी संबंधित आजार असलेल्यांसाठी होतं, आणि चाचणीतल्या बहुतेक गोऱ्या बायका होत्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला फोटो प्रसिद्धच आहे: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. आपल्याकडे मधुमेह बीएमआय ३५ होईपर्यंत थांबत नाही, म्हणून अमेरिकेतले आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

असं कुठलंही यंत्र पुढे आलं, तर डॉक्टरांना तोतया गटाचं वजन किती उतरलं ते आधी विचारावं, आणि लगोलग एमआरआयचंही. व्ही-ब्लॉकला परवानगी मिळाली तेव्हा ते बसवलेल्यांना एमआरआय वर्ज्य होता, आणि ११० किलो वजन वाहणाऱ्या गुडघ्यांना आणि कंबरेला त्याची गरज आज ना उद्या पडू शकते.