पाचशे डिरेक्टऱ्यांचं पॅकेज: पार्श्वभूमी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला असो, शाळेचे गणवेश शिवणारा असो की चाटी गल्लीतला कापडवाला, सोलापुरात कुणी नवी वेबसाइट काढली की थोड्याच दिवसांत फोन येतो. "सर, पाचशे डिरेक्टऱ्यांमध्ये तुमची साइट मॅन्युअली सबमिट करून देतो." डिरेक्टरी म्हणजे वेबसाइट्सची विषयवार यादी. फोनवरचा जोर 'मॅन्युअली'वर, म्हणजे हाताने फॉर्म भरण्यावर. एके काळी या शब्दाला खरोखर किंमत होती.

सुरुवातीचा काळ बहुतेकांना माहीत आहे. 1994 मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या विषयवार यादीचं याहू झालं. 1998 मध्ये स्वयंसेवक संपादकांच्या जिवावर चालणारी डीमॉझ आली. डीमॉझ फुकट होती. याहूने मात्र व्यापारी साइट्सना पैसे लावले, पुढे तर वर्षाला 299 डॉलर. गंमत अशी की पहिली फी साइट तपासण्याची होती, यादीत घेण्याची नव्हे. नापास झालात तरी पैसे परत नाहीत.

डीमॉझचा फॉर्म भरणं हे शिस्तीचं काम होतं. आधी योग्य विभाग शोधायचा. सोलापुरी चादरींची साइट वस्त्रोद्योगात टाकायची, घरगुती खरेदीत की भारत-महाराष्ट्र अशा प्रादेशिक फांदीत, इथेच अर्धा वेळ जाई. मग पत्ता, शीर्षक आणि पंचवीस-तीस शब्दांत वर्णन. 'सर्वोत्तम', 'नंबर एक', 'एकमेव विश्वसनीय' असं काही लिहिलं की संपादक कात्री लावणार किंवा अर्जच बाजूला ठेवणार. 'सोलापूर येथील सुती जॅकार्ड चादरी व टेरी टॉवेलचे उत्पादक. घाऊक विक्री व निर्यात' एवढं कोरडं चालायचं. त्यानंतर वाट पाहायची. काहींना महिने लागले, काहींना उत्तरच आलं नाही, आणि पुन्हा पुन्हा अर्ज केल्याने उपयोग होत नसे. विभागाला संपादकच नसेल तर अर्ज बघणार कोण?

तरीही लोक थांबत, कारण गुगल दुवे मोजत होतं: दुसऱ्या साइट्सवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंका म्हणजे शिफारशी, त्यांच्या जोरावर साइट शोधात वर यायची. डीमॉझचा सगळा साठा कुणालाही उचलायला मोकळा असल्याने तिथली एक नोंद असंख्य साइट्सवर उमटायची. खुद्द गुगलची डिरेक्टरीही 2011 पर्यंत त्याच साठ्यावर उभी होती. हे लक्षात आल्यावर कुणीही उठून डिरेक्टरी काढू लागलं. संपादक नाही, निवड नाही, फक्त फॉर्म, कॅप्चा आणि 'आमची लिंक तुमच्या साइटच्या तळाशी लावा' ही अट. हाताने भरणं एवढंच शिल्लक राहिलं. पलीकडे हाताने तपासणारा माणूस उरला नाही.

आता वादाचा मुद्दा. वेबसाइटवाल्यांसाठी गुगलने लिहिलेल्या सूचनांमध्ये एक ओळ होती: तुमची साइट डीमॉझ, याहू यांसारख्या संबंधित डिरेक्टऱ्यांमध्ये नोंदवा. ती 2008 मध्ये गुपचूप काढली गेली. पुढे 24 एप्रिल 2012 रोजी गुगलच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल लागू झाला आणि बनावट दुव्यांचा भार असलेल्या साइट्स निकालांत खाली गेल्या. गुगलच्या म्हणण्यानुसार इंग्रजीतल्या सुमारे 3.1 टक्के शोधांवर परिणाम झाला. आकडा किरकोळ वाटतो. पण ज्याची सगळी चौकशी त्या एका शोधावरून येत होती, त्याचा धंदा बसला.

गुगलची बाजू अगदीच चुकीची नव्हती. त्या डिरेक्टऱ्या माणसं वाचतच नव्हती, मग त्यांच्या शिफारशीला अर्थ काय? ओळीत 'संबंधित' हा शब्दही होता, आणि पाचशे डिरेक्टऱ्या कुणाच्याच संबंधित नसतात. पण शिक्षा भोगली कुणी? पॅकेज विकणारा नामानिराळा राहिला आणि भुर्दंड साइटच्या मालकाला. नको असलेले दुवे नाकारायची सोय आली ती ऑक्टोबर 2012 मध्ये, म्हणजे पेंग्विननंतर जवळपास सहा महिन्यांनी. त्यातही साफसफाई करून लगेच सुटका नव्हती. पेंग्विनची पुढची फेरी होईपर्यंत साइट खालीच. ऑक्टोबर 2014 नंतरची मोठी फेरी थेट सप्टेंबर 2016 मध्ये झाली, तेव्हा कुठे असे दुवे शिक्षेऐवजी निव्वळ दुर्लक्षित होऊ लागले. आधी स्वतःच दाखवलेल्या वाटेवर दोन दोन वर्षं अडकवून ठेवणं याला न्याय म्हणता येत नाही.

तोवर मूळ डिरेक्टऱ्याही आटोपल्या. याहूची 2014 च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ मार्च 2017 मध्ये. पाचशेच्या यादीतल्या कित्येक पत्त्यांवर आज काही उघडतही नाही. उरलेल्यांतल्या सुमार डिरेक्टऱ्यांचे दुवे गुगलच्या सध्याच्या नियमांत स्पॅमचं उदाहरण म्हणून नोंदलेले आहेत.

हाताने करायचं काम संपलेलं नाही, फक्त जागा बदलली. नकाशावरची नोंद, जस्टडायल, इंडियामार्ट, आपल्या व्यवसायाच्या संघटनेची सभासद यादी: इथे गिऱ्हाईक खरंच शोधतं. नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे एकसारखे हवेत. एका ठिकाणी कारखान्याचा पत्ता, दुसरीकडे नवी पेठेतल्या दुकानाचा आणि तिसरीकडे बंद पडलेला लँडलाइन, असा घोळ शहरातल्या जुन्या पेढ्यांच्या नोंदींत सर्रास दिसतो. नकाशावरची नोंद पडताळताना आता बऱ्याचदा पाटी, रस्ता आणि आतली जागा दाखवणारा व्हिडिओ मागतात. फोनवरचा पॅकेजवाला तो काढायला येत नाही.